बोअरला वाळू येते, पाणी तुटतं: मोठी मोटर टाकण्याआधी हे मोजा

तासगावच्या एका ताईंनी विचारलंय. घराजवळ बोअर आहे, साडेसहा इंची, ३०० फूट, केसिंग (भोकाची भिंत ढासळू नये म्हणून आत बसवलेला पाइप) ४० फुटांचं. दीड एचपीची सबमर्सिबल २८० फुटांवर सोडलेली. हजार लिटरची टाकी पूर्वी चाळीस मिनिटांच्या आत भरायची, आता दोन तास लागतात. मोटर लावली की पहिली दहा मिनिटं पाणी जोरात येतं, मग धार बारीक होते, हवा मारायला लागते आणि त्याच वेळी तांबडट बारीक वाळू येते. वॉशिंग मशीन पाणी घेईना म्हणून बघितलं तर मागच्या नळीच्या तोंडाची जाळी वाळूने भरलेली. दुकानदार म्हणतो दोन एचपी टाका, ड्रिलिंगवाला म्हणतो ५०० फुटांपर्यंत खाली जाऊया. घरात माणसं पाच. कुणाचं ऐकावं?

ताई, सध्या दोघांचंही ऐकू नका. तुम्ही लिहिलेल्या 'पहिली दहा मिनिटं' या एका गोष्टीत निम्मं निदान आहे.

साडेसहा इंची बोअरमध्ये एका फुटात साधारण साडेसहा लिटर पाणी मावतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे लागणार आहे. (साडेचार इंची बोअर असेल तर फुटाला तीन लिटर.) तुमची मोटर जोरात असताना मिनिटाला अंदाजे २५ लिटर देत असेल, तर दहा मिनिटांत २५० लिटर झाले. उरलेले ७५० लिटर यायला जवळपास दोन तास, म्हणजे मिनिटाला साडेसहा लिटर. ही तुमच्या झऱ्याची आजची खरी आवक. त्या पहिल्या दहा मिनिटांतही झऱ्यातून ६५ लिटर आलेच असणार, म्हणजे बोअरमध्ये साठलेलं पाणी उपसलं गेलं ते १८५ लिटर. भागा साडेसहाने: २८ फूट. थोडक्यात, मोटर चालू करता तेव्हा तिच्या डोक्यावर जेमतेम २८-३० फूट पाणी उभं आहे. ते दहा मिनिटांत संपतं आणि पुढचे पावणेदोन तास २५ लिटरची मोटर साडेसहा लिटरच्या झऱ्यावर तोंड लावून बसते.

आता दुसरी बाजू बघा. मिनिटाला साडेसहा लिटर म्हणजे चोवीस तासांत नऊ हजार लिटरच्या वर. बोअर भरत आलं की आवक मंदावते, म्हणून निम्मंच धरा, तरी साडेचार हजार. शहरी पाणीपुरवठ्याचा माणशी १३५ लिटरचा मापदंड लावला तर पाच माणसांना ६७५ लिटर लागतात. झाडं, गाडी, पाहुणे धरून हजार म्हणा. तुमचं बोअर मेलेलं नाही. ते हळू देतंय आणि तुम्ही घाईने ओढताय. वाळूसुद्धा बहुतेक त्या ओढण्यातूनच येतेय. दोन एचपीची मोटर टाकली तर तेच पाणी दहाऐवजी सात मिनिटांत संपेल आणि वाळू वाढेल.

हे गणित तुमच्या सांगण्यावरून केलंय, म्हणून पैसे खर्च करण्याआधी घरच्या घरी ताडून बघा. पंधरा लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ घ्या. सकाळी, रात्रभर मोटर बंद राहिल्यावर, टाकीवर चढणाऱ्या पाइपाला बोअरजवळ युनियन (खोलता येणारा जोड) किंवा टी असेल तिथून पाणी बादलीत घ्या. दुसऱ्या मिनिटाला बादली ३५-३६ सेकंदांत भरली तर मोटर ठणठणीत आहे, कमतरता झऱ्याची आहे. पहिल्यापासूनच बादलीला मिनिट-दीड मिनिट लागत असेल तर मात्र माझं वरचं गणित बाजूला ठेवा, दोष मोटरीत किंवा पाइपात आहे.

पाइपाचा दोष कानाने कळतो. मोटर लावण्याआधी बोअरच्या तोंडाला कान लावून ऐका, मग मोटर लावून पुन्हा ऐका. आधी शांत होतं आणि मोटर लावल्यावर आतून पाणी पडल्याचा आवाज येतोय, म्हणजे कॉलम पाइपाचा (मोटरीपासून वर येणाऱ्या पाइपाचा) एखादा जोड गळतोय किंवा जुन्या जीआय पाइपाला भोक पडलंय. आधीपासूनच टपटप ऐकू येत असेल तर तो वरच्या अंगाचा झरा असतो, त्याला घाबरू नका. मोटर बंद केल्याबरोबर पाइपातलं पाणी सर्रकन खाली जात असेल तर मोटरीवरचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे न येऊ देणारी झडप) गेलाय. अशा वेळी प्रत्येक बंदला ते पाणी वरून आदळतं, तळाचा गाळ ढवळतं आणि पुढच्या वेळी सुरुवातीलाच गढूळ येतं.

पॅनेलवरचा अँपिअर मीटरही बघा. मोटरीच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा काटा बराच खाली असेल आणि धार बारीक असेल तर मोटर पाण्याविना फिरतेय, किंवा आतले इंपेलर (पाणी ढकलणारी चाकं) झिजलेत. काटा वर जात असेल तर व्होल्टेज कमी, बुश (शाफ्टला धरणारी कडी) गेलेलं किंवा वाळूने आत काहीतरी अडकलेलं. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा दिवसाच्या धारेशी तुलना करू नका.

पाण्याची पातळी मोजायला उपकरण लागत नाही. नायलॉनची बारीक दोरी घ्या, दर दहा फुटांवर गाठ मारा, टोकाला छोटं वजन बांधून त्यावर एखादी पोकळ टोपी पालथी बसवा. पाण्याला टेकली की 'डुब' आवाज येतो. मोटर बंद, मेन स्विच बंद, मगच दोरी सोडा. वजन छोटं आणि गुळगुळीत हवं, नाहीतर केबलमध्ये गुंततं. पुढच्या वेळी मोटर वर काढाल तेव्हा कॉलम पाइपाबरोबर अर्धा इंची प्लॅस्टिकची नळी मोटरीच्या थोडी वरपर्यंत सोडून ठेवा, म्हणजे दोरी त्या नळीतून जाईल आणि दर महिन्याला पातळी लिहून ठेवता येईल. द्राक्षबागेवाले औषधाच्या फवारण्या तारखेनिशी लिहून ठेवतात, पण बोअरची पातळी कुणी लिहीत नाही. आपल्याकडे टेंभू, ताकारी किंवा म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं आवर्तन चालू असलं की आसपासच्या विहिरी-बोअरना पाणी वाढतं, बंद झालं की उतरतं. ते न बघता लोक 'मोटर बिघडली' म्हणत येतात.

पाणी तुटेपर्यंत मोटर चालवा, बंद करा आणि अर्ध्या तासाने पातळी किती चढली ते मोजा. समजा ३० फूट चढली: ३० गुणिले साडेसहा म्हणजे १९५ लिटर, अर्ध्या तासात. मिनिटाला साडेसहा. आवक मोजायची याहून खात्रीची रीत मला माहीत नाही, आणि ही फुकट आहे.

आता वाळूकडे. ती कधी येते यावरून ती कुठून येते ते बऱ्यापैकी कळतं. काचेच्या तीन बरण्या घ्या. एक मोटर लावल्याबरोबर भरा, एक पाच मिनिटांनी, एक पाणी तुटायला लागल्यावर. तासभर हलवू नका. तळाला काय आणि किती बसतं ते बघा, बोटांत चोळून बघा. फक्त पहिल्या बरणीत गाळ असेल तर तो तळात साचलेला जुना गाळ आहे. तिन्ही बरण्यांत सारखाच असेल तर केसिंग फुटलंय किंवा केसिंगच्या तळातून माती आत येतेय. फक्त तिसरीत असेल, जसं तुम्ही लिहिलंय, तर पातळी खाली गेल्यावर एखादा मऊ थर उघडा पडून ढासळतोय. आणि एरवी स्वच्छ असणारं पाणी मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवस गढूळ येत असेल, तर वरचं पाणी केसिंगच्या बाहेरून आत उतरतंय. तो वाळूपेक्षा गंभीर प्रकार आहे, कारण त्याच वाटेने गटाराचं आणि शोषखड्ड्याचं पाणीही येतं.

रंगही सांगतो. काळी, कचकचीत पूड ही काळ्या पाषाणाची. पिवळसर कण मुरमाचे, म्हणजे वरून, केसिंगच्या आसपासून आलेले. पांढरे चकचकीत खडे दगडातल्या पोकळ्या भरणाऱ्या खनिजांचे. तुमची तांबडी, बोटांत पिठासारखी लागणारी माती ही दोन पाषाणांच्या मधल्या तांबड्या थराची. सह्याद्रीपासून आटपाडी-जतपर्यंत आपली सगळी जमीन लाव्हाच्या एकावर एक थरांची आहे. एक लोट थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत मध्ये बराच काळ गेला, त्या काळात वरचा भाग कुजून तांबडी माती झाली, मग तिच्यावर पुढचा लोट बसला. पाषाणाला केसिंग लागत नाही, तो शेकडो वर्षं उभा राहतो. हा तांबडा थर मात्र पाण्यात फुगतो आणि सुटतो. तुमच्या बोअरमध्ये पाणी रोज त्याच्या वर-खाली होत असेल तर तो रोज भिजतो आणि रोज उघडा पडतो. बोअर भरलेलं असताना पाण्याचाच भिंतीला आधार असतो. पाणी एकदम खाली ओढलं की तो आधार जातो आणि आतून झऱ्याचा जोर भिंतीवर येतो. म्हणून मघाशी म्हटलं, वाळू आणि कमी पाणी ही दोन दुखणी तुमच्याकडे बहुधा एकच आहेत.

यावरून पुढचा प्रश्न: बोअर ३०० फुटांचं खणलं होतं, पण आज ते किती फुटांचं आहे? वर्षानुवर्षं सुटलेली ती माती कुठे गेली? थोडी तुमच्या टाकीत आली, बाकी तळाला बसली. मोटर २८० फुटांवर आहे, तळात वीस फुटांची जागा होती. ती भरली असेल तर मोटर चिखलात उभी आहे.

हे बघायला मोटर एकदा वर काढावीच लागेल. वर येताना कारागिराजवळ उभ्या राहा, त्याला मोटर लगेच धुवू देऊ नका. सबमर्सिबलमध्ये खाली मोटर, वर पंप आणि दोघांच्या मध्ये पाणी घ्यायची जाळी असते. मोटरीच्या अंगावर तांबड्या चिखलाचा लेप चढला असेल तर तो कुठपर्यंत आलाय ते बघा. बऱ्याचदा कडक रेघच दिसते: रेघेच्या खाली घट्ट लेप, वर नुसता पुसट डाग. रेघ जाळीपर्यंत आली असेल तर मोटर गाळात रुतून चालत होती, तिला थंड करायला पाणीच मिळत नव्हतं. जाळीची भोकं किती बुजलीत ते मोजा. मग पंपाचा शाफ्ट बोटांनी धरून आडवा हलवा. खडखड हलला तर बुश गेलेत. स्टेज (पंपाचे एकावर एक बसवलेले टप्पे) उघडल्या तर इंपेलरच्या कडा बघा. नव्या इंपेलरची कड बोथट आणि सरळ असते, वाळू खाल्लेल्याची पातेऱ्यासारखी पातळ होते आणि बाउलला (इंपेलरभोवतीच्या वाटीला) आतून गोल चरे पडलेले असतात. असे इंपेलर बदलायचेच, पण वाळू थांबवल्यानंतर. आधी बदलले तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच बिल.

मोटर बाहेर असतानाच दोरीला जड वजन बांधून तळ मोजा. आणि शक्य असेल तर त्याच दिवशी बोअरमध्ये कॅमेरा सोडून घ्या, मात्र त्याआधी दोन-तीन दिवस मोटर लावू नका, पाणी निवळू द्या. कॅमेऱ्यात केसिंग कुठे संपतं, खाली पाषाण पक्का आहे का, तांबडा थर किती फुटांवर आणि किती जाड आहे, झरा कोणत्या फुटावर आहे हे दिसतं. ही चार उत्तरं हातात नसताना केसिंगचा खर्च करणं म्हणजे अंधारात दगड मारणं. बोअर मारताना ड्रिलिंगवाल्याने दिलेली चिठ्ठी सापडली तर सोन्याहून पिवळं, तिच्यात केसिंग किती आणि पाणी किती फुटांवर लागलं ते लिहिलेलं असतं. पाणाड्याने नारळ फिरवून सांगितलेले फूट मात्र त्यात धरू नका.

तळात गाळ निघाला तर कॉम्प्रेसरने फ्लशिंग करून घ्यायचं. यात एक खुबी आहे. बरेच मशीनवाले हवा सोडतात, पाण्याचा फवारा उडाला, दहा मिनिटांत स्वच्छ दिसलं की पाइप गुंडाळतात. तसं करू देऊ नका. हवा मारायची, थांबायचं, पाणी परत भरू द्यायचं, पुन्हा मारायची. या मारून-सोडून करण्याने झऱ्याच्या भेगांत अडकलेली माती दोन्ही बाजूंनी हलते आणि बाहेर पडते. एकसारख्या हवेने नुसतं बोअर साफ होतं, भेगा तशाच राहतात. पाइपही एकदम तळाला न टेकवता वरून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने खाली न्यायचा. थांबवून पुन्हा सुरू केल्यावर पहिलं पाणी स्वच्छ आलं तरच काम झालं म्हणायचं. शेजाऱ्याच्या बोअरमधून त्या वेळी बुडबुडे यायला लागले तर दचकू नका. दोन्ही बोअरची भेग एकच आहे एवढाच त्याचा अर्थ, आणि शेजाऱ्याची मोटर चालू असताना तुमचं पाणी का तुटतं तेही त्यावरून कळतं. जुनं पीव्हीसी केसिंग तडकलेलं असेल किंवा कॅमेऱ्यात भिंत सुटलेली दिसली असेल तर मात्र जोराची हवा मारू नका, उरलंसुरलं बोअर बसेल.

गाळ काढला आणि उपसा आवरला तरी वाळू येतच राहिली, तर आतून दुसरं केसिंग घालायचं. साडेसहा इंची भोकात पाच इंची केसिंग उतरतं आणि त्यात चार इंची पंप बसतो. तांबड्या थरासमोर साधा, बिनभोकाचा पाइप आणि झऱ्यासमोर चिरांचा पाइप, असं फुटांच्या हिशोबाने जोडायचं. इथे दोन गोष्टी सांगतो. पहिली, चिरांचा पाइप कारखान्यातून बारीक, सारख्या चिरा पाडलेलाच घ्या. आपल्याकडे साध्या पाइपाला ग्राइंडरने फटी मारून वर हिरवी जाळी किंवा नायलॉनचं कापड गुंडाळायची पद्धत पडलीय. पहिले काही महिने पाणी काचेसारखं येतं, मग कापड तांबड्या पिठाने लिंपलं जातं आणि झरा बाहेरच अडतो. आत गेलेलं केसिंग पुन्हा काढणं जवळपास अशक्य. दुसरी, बाहेरच्या फटीत खडी टाकायचा सल्ला कोणी देईल. भोक १६५ मिलिमीटरचं, केसिंग १४० मिलिमीटरचं, म्हणजे प्रत्येक बाजूला साडेबारा मिलिमीटरची फट, तीही जोडाजवळ आणखी कमी. एवढ्या फटीत खडी अर्ध्यातच अडकते, खाली पोचत नाही. खडी भरायची तर भोक मुळातच मोठं घ्यावं लागतं.

एक अडचण मात्र खरी आहे. आपल्या दगडात पुष्कळदा झरा त्या तांबड्या थराच्या लगतच असतो, कारण त्याच्या खालचा पाषाण पोकळ्यांचा, भेगाळलेला असतो. थर झाकायला जाल आणि पाच-दहा फूट चुकलात तर वाळूबरोबर पाणीही बंद होईल. म्हणूनच कॅमेऱ्याचा आग्रह.

कृष्णाकाठचं गणित वेगळं आहे. भिलवडी, अंकलखोप, दिग्रज, मिरजेचा नदीकडचा भाग, इथे वर गाळाची जाड जमीन आणि तिच्यात वाळूचे पट्टे आहेत. तिथे येणारी वाळू नदीची, टणक आणि चमकदार असते. ती उपसा कमी करून फारशी थांबत नाही. मोठं भोक, पूर्ण उंचीचं केसिंग, वाळूच्या पट्ट्यासमोर चिरा आणि बाहेरून धुतलेली गोल खडी हाच तिथला उपाय, आणि तो बोअर मारतानाच करावा लागतो. २०१९ च्या पुरात ज्यांची बोअर पाण्याखाली गेली त्यांच्याकडे वरून शिरलेला गाळ हा आणखी एक भाग. तिकडे केसिंग पुराच्या खुणेच्या वर दोन फूट काढून झाकण पक्कं बसवलं पाहिजे.

तुमच्याकडे परत येतो. मोटर काढण्याआधी, आजच करता येण्यासारखं हे आहे. टाकीकडे जाणाऱ्या पाइपाला गेट व्हॉल्व्ह बसवा आणि पंधरा लिटरची बादली सव्वा मिनिटात भरेल इतका आवळा, म्हणजे मिनिटाला १२ लिटर. पूर्ण आवळू नका, मोटरीच्या अंगावरून थोडं तरी पाणी वाहिलं पाहिजे, नाहीतर ती तापते. मग टायमर लावून दिवसातून चार वेळा वीस-वीस मिनिटं मोटर चालवा. प्रत्येक वेळी २४० लिटर, चार वेळा मिळून ९६०. तुमची टाकी भरली. प्रत्येक वेळी झऱ्यातून १३० लिटर येणार, साठ्यातून फक्त ११० जाणार, म्हणजे पातळी १७ फूट उतरेल. आज पातळी रोज २८-३० फूट उतरते आणि वर मोटर पावणेदोन तास हवा खाते, त्या जागी हे. पातळी मोटरीपर्यंत येतच नाही, हवा नाही आणि तांबडा थरही एवढा उघडा पडत नाही. सोबत पॅनेलमध्ये ड्राय रन प्रोटेक्शन बसवा, म्हणजे पाणी तुटलं की मोटर आपोआप थांबेल. तेवढ्यानेच वाळू कमी झालेली घरं मी बरीच पाहिली आहेत. आठ-दहा दिवस करून बघा, मग पुन्हा तीन बरण्या भरा.

घरातल्या नळांसाठी तासगावात एक सोय हाताशी आहे. ड्रिपच्या दुकानात हायड्रोसायक्लोन मिळतो, द्राक्षबागेवाल्यांकडे बघितला असेल, निमुळता, उभा. पाणी गोल फिरून जड वाळू खाली बसते. पण तो ठरावीक प्रवाहालाच नीट चालतो. तुमच्या १२ लिटरच्या धारेला बागेचा दोन इंची सायक्लोन लावला तर पाणी फिरणारच नाही, वाळू सरळ निघून जाईल. धार सांगून लहान मापाचा मागा. पिठासारखी तांबडी माती मात्र त्यातही थांबत नाही. तिला टाकीतच बसू देणं बरं: टाकीचा आउटलेट तळापासून सहा इंच वर, तळाला वेगळा ड्रेन कॉक, आठवड्यातून एकदा उघडायचा. आणि सायक्लोन पंपाच्या पुढे बसतो, पंप त्याच्या आधीच वाळू खाऊन झालेला असतो, हे विसरू नका. त्याने वॉशिंग मशीन वाचेल, मोटर नाही.

५०० फुटांबद्दल. आपल्या पाषाणात पाणी बहुतेक वरच्या कुजलेल्या आणि भेगाळलेल्या भागात असतं. खाली गेल्यावर भेग लागली तर लागली, नाहीतर कोरडाच पाषाण. कधी खालची कोरडी भेग फुटते आणि वरचा झरा तिच्यात उतरून जातो, असलेलंही हातचं जातं. राज्याच्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या पुढची विहीर 'खोल विहीर' धरली आहे, आणि सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आतल्या खोदाईवर बंधनं आहेत. म्हणून मशीन बोलावण्याआधी नगरपरिषदेत आणि सांगलीच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात विचारून घ्या. हायड्रोफ्रॅक्चरिंग, म्हणजे पाण्याच्या दाबाने भेगा मोकळ्या करणं, हा आवक वाढवायचा चांगला मार्ग आहे, पण पक्क्या दगडात. सुटणाऱ्या थराचा बंदोबस्त झाल्याशिवाय तुमच्याकडे नको.

पाऊस येण्याआधी छताच्या पाण्याचं बघा. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडला तरी ४६ हजार लिटर होतात, उडून-सांडून ३५ हजार तरी हाती लागतात. पण पन्हाळीचा पाइप सरळ बोअरमध्ये सोडू नका. पहिल्या पावसात कौलावरची, स्लॅबवरची सगळी धूळ त्यातून उतरते आणि भेगा बुजतात. पहिले दोन-तीन पाऊस बाहेर जाऊ द्या, मग बोअरपासून थोडं लांब खड्डा घेऊन खाली मोठे दगड, वर खडी, वर वाळू अशा गाळणीतून मुरवा. अंगणातलं गढूळ पाणी त्यात येऊ देऊ नका.

बोअरमध्ये कोणतंही काम झालं, पाइप जमिनीवर लोळले, माणसांचे हात लागले, की निर्जंतुकीकरण करायचं. मोजलेली पाण्याची उंची जेवढे फूट, साधारण तेवढे ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर. बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या, फक्त वरची निवळी बोअरमध्ये ओता. थोडी मोटर चालवून प्रत्येक नळाला वास येईपर्यंत पाणी सोडा, रात्रभर तसंच ठेवा, सकाळी वास जाईपर्यंत मोकळ्या जागेत उपसून टाका, झाडांच्या आळ्यात नाही. आरओ त्या दिवशी बंद ठेवा. मोटर बाहेर असेल तेवढा वेळ बोअरच्या तोंडावर लोखंडी झाकण नट-बोल्टने आवळलेलं हवं. वर नुसता दगड किंवा पोतं ठेवून जेवायला जाणारा कारागीर असेल तर त्याला आधी झाकण लावायला लावा, घरात लहान मूल असो वा नसो.

सकाळची पातळी, अर्ध्या तासातला चढ आणि तळाची खोली हे तीन आकडे आणि ड्रिलिंगची चिठ्ठी सापडली तर तिच्यातले फूट मला कळवा. केसिंग घालायची वेळ आलीच तर साधा पाइप किती फूट आणि चिरांचा किती, हे त्यावरून सांगता येईल.